जुन्या खणांच्या पेटीची परीक्षा आणि जतन
(अफजलपूर परिसरातील घरांच्या संदर्भात एक अभ्यासपाठ)

भीमा नदीच्या काठी वसलेला अफजलपूर तालुका आज कर्नाटक राज्याच्या कलबुर्गी जिल्ह्यात मोडतो. त्याला लागूनच महाराष्ट्राचा सोलापूर जिल्हा आहे. भीमा-अमरजा संगमावरील देवल गाणगापूर हे दत्तक्षेत्र याच तालुक्यात असल्याने मराठी भाविकांचा या भूमीशी शतकानुशतके संबंध राहिला आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तो त्यावेळच्या म्हैसूर राज्यात गेला. कन्नड, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषा येथील घरांत व व्यवहारात एकत्र नांदल्या. या सर्व स्थित्यंतरांच्या खुणा गावोगावच्या जुन्या घरांतील लाकडी पेट्यांत, फडताळांत आणि खणांच्या कपाटांत अद्याप शिल्लक आहेत.

पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, वैद्य, सराफ अशा घराण्यांतून सरकत्या खणांची लाकडी पेटी ही नित्याच्या वापरातील वस्तू होती. पटवाऱ्याचे दप्तर, सराफाची वजने, वैद्याच्या मुळ्या व चूर्णे, घरातील दागिने व खरेदीखते असे सारे तीत राही. घरे विभागली, माळवदाचे वाडे पडून सिमेंटची घरे झाली, आणि या पेट्या अडगळीत गेल्या. कित्येक ठिकाणी त्या भंगाराच्या भावाने विकल्या जातात. कित्येक ठिकाणी त्या चकचकीत करण्याच्या हौसेने त्यांचे जुनेपणच नाहीसे होते. पेटीबरोबर तिच्या तळाशी असलेले कागदही जातात. हे नुकसान एका घरापुरते राहत नाही, गावाच्या इतिहासाचा एक पुरावा त्यामुळे कायमचा नाहीसा होतो. यास्तव अशी पेटी कशी ओळखावी, तिची अवस्था कशी तपासावी आणि ती कशी राखावी, याचे प्राथमिक ज्ञान ग्रामस्थ, शिक्षक व ग्रामपातळीवरील अधिकारी यांना असणे आवश्यक आहे.

खणांच्या पेटीची परंपरा

भारतीय घरात सामान ठेवण्याची जुनी साधने म्हणजे झाकणाची पेटी, पेटारा, संदूक आणि भिंतीतील फडताळ. ओढून बाहेर काढता येणाऱ्या खणांचे कपाट हा प्रकार युरोपीय संपर्कातून विशेष रूढ झाला. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज अमलात सोळाव्या-सतराव्या शतकांत ‘कोंतादोर’ नावाची अनेक लहान खणांची कपाटे तयार होत असत. सागवानावर शिसवी किंवा आबनूस व हस्तिदंत यांचे जडावकाम हे त्यांचे वैशिष्ट्य होते. त्यांचे उत्तम नमुने आज देशोदेशींच्या संग्रहालयांत आहेत. पुढे इंग्रजी अमलात लष्करी अधिकाऱ्यांसाठी दोन भागांत सुटी होणारी, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या ठोकलेली आणि मुठी पृष्ठभागात बसविलेली खणांची पेटी प्रचारात आली. छावणी हलविताना ती बैलगाडीवर किंवा उंटावर लादता यावी, हा तिच्या रचनेचा हेतू होता.

दख्खनच्या अंतर्भागात लाकूडकामाची स्वतंत्र परंपरा होती. बिदरच्या किल्ल्यातील रंगीन महालात सोळाव्या शतकातील कोरीव लाकडी खांब व काळ्या दगडात बसविलेले शिंपल्यांचे जडावकाम आजही पाहावयास मिळते. तथापि गावातील पेटी ही बहुधा गावच्याच किंवा जवळच्या बाजारपेठेतील सुताराने केलेली, साधी व मजबूत असे. लोहमार्ग १८६० मध्ये सोलापुरापर्यंत व १८७१ मध्ये रायचूरपर्यंत पोहोचल्यानंतर मुंबईचे तयार सामान, कुलुपे, बिजागऱ्या व यंत्रावर बनलेले खिळे या भागात सुलभतेने येऊ लागले. पेटीचा काळ ठरविताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

परीक्षा कशी करावी

परीक्षेपूर्वी पेटी स्वच्छ करू नये. धूळ, डाग, जुने कागद व खुणा हे सर्व पुरावे होत. प्रथम सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. नंतर खण एकेक करून बाहेर काढावेत आणि प्रत्येकास दोऱ्याने क्रमांकाची चिठ्ठी बांधावी. हाताने केलेल्या पेटीत प्रत्येक खण आपल्याच जागी नीट बसतो, त्यामुळे अदलाबदल झाली की ते अडकू लागतात. यानंतर पुढील पाच गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१. लाकूड : दर्शनी भाग बहुधा सागवानी किंवा शिसवी असतो. सागवानास किंचित तेलकट स्पर्श व विशिष्ट वास असतो, तर शिसवी जड व काळसर जांभळट असते. भीमाकाठच्या काळ्या जमिनीत सागाची वने नसल्याने सागवान बाहेरून आणावे लागे आणि ते महाग पडे. म्हणून खणांचा तळ, पाठीमागची फळी व आतील पट्ट्या आंबा, कडुनिंब, बाभूळ अशा लाकडांच्या असणे स्वाभाविक आहे. आतील लाकूड निराळे आहे एवढ्यावरून पेटी बनावट मानू नये. मात्र आत प्लायवुड आढळल्यास तो भाग विसाव्या शतकातील आहे, असे समजावे.

२. सांधे : खणाच्या पुढील व बाजूच्या फळीचा सांधा पाहावा. पाखराच्या पसरलेल्या शेपटीसारखे दाते कापून एकमेकांत अडकविलेला सांधा हाताने केलेला असेल, तर दात्यांची रुंदी थोडीफार कमीजास्त असते व सुताराने आखलेली बारीक रेघ दिसते. यंत्राचे दाते एकसारखे असतात. फळीच्या न रंधलेल्या बाजूवर करवतीच्या खुणा असतात. हातकरवतीच्या खुणा सरळ पण असमान असतात आणि चक्राकार करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळतात. चक्राकार करवतीचा वापर एकोणिसाव्या शतकात वाढला.

३. लोखंड व पितळ : चौकोनी अंगाचे, घडवलेल्या डोक्याचे खिळे लोहाराच्या हातचे असतात. गोल तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वत्र पसरले. जुने स्क्रू टोकाशी बोथट असून टोकदार स्क्रू त्या शतकाच्या मध्यानंतरचे आहेत. कुलुपावर गोदरेज हे नाव असेल, तर ते कुलूप १८९७ पूर्वीचे असू शकत नाही, कारण अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत कुलुपांचा कारखाना त्या वर्षी सुरू केला.

४. वापराच्या खुणा : खरी झीज जेथे हात लागतो, घासले जाते तेथेच असते. खणांच्या खालच्या कडा, ते सरकतात त्या पट्ट्या, मुठीभोवतीचा भाग आणि पायांची टोके येथे ती पाहावी. सर्वत्र सारखीच झीज अथवा ओळीने पाडलेली किडीची भोके दिसल्यास संशय घ्यावा. रुंद फळी वर्षानुवर्षे आडव्या दिशेने आकसते, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. म्हणून जुन्या खणाच्या तळाला कडेशी फट पडणे हे वयाचे स्वाभाविक लक्षण आहे.

५. आतील कागद : खणांच्या तळाशी अंथरलेले वर्तमानपत्र, तारखेचा मुद्रांक, हिशोबाचा कागद यांवरून मोलाची माहिती मिळते. या भागातील कागदांवर इसवी सनाऐवजी शके किंवा फसली सन असण्याचा संभव फार. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. हैदराबाद संस्थानातील फसली सनात ५९० मिळवले की फसली वर्ष सुरू होते तो इसवी सन मिळतो. म्हणजे फसली १३४७ हे वर्ष इ. स. १९३७-३८ होय. कागद कधी अंथरला एवढेच त्यावरून कळते. पेटी त्याहून जुनी असू शकते, आणि जुना कागद नंतर केलेल्या पेटीतही घातला जाऊ शकतो.

एक उदाहरण

समजा, एका घरातील चार खणांच्या पेटीस गोदरेजचे कुलूप आहे, पाठीमागची फळी गोल तारेच्या खिळ्यांनी ठोकली आहे, परंतु खणांचे सांधे हातचे असून पायांशी घडीव चौकोनी खिळे आहेत. आत फसली १३१२ चा कागद आहे. घाईने पाहणारा कुलुपावरून पेटी १८९७ नंतरची ठरवील. पण कुलूप काढून न टाकता त्याच्या भोवती नीट पाहिले असता जुन्या, मोठ्या कुलुपाची बुजवलेली खाच दिसते. पाठीमागची फळीही उरलेल्या लाकडापेक्षा रंगाने फिकी आहे. याचा अर्थ कुलूप व पाठ नंतर बदलली आहेत. कागद इ. स. १९०२-०३ चा आहे, पण तो नंतरही आत ठेवला गेलेला असू शकतो. त्यामुळे मूळ पेटी एकोणिसाव्या शतकातील असण्याचा संभव आहे, एवढाच निष्कर्ष काढता येतो. एका खुणेवरून निर्णय न देता सर्व खुणा एकमेकींशी ताडून पाहणे, हेच परीक्षेचे सूत्र होय. लाकडाची निश्चित जात कळणे आवश्यक असल्यास डेहराडूनची वन संशोधन संस्था व बंगळूरची काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था यांच्याकडे तशी तज्ज्ञता आहे.

पेटीचे चार शत्रू

पहिला शत्रू हवेतील बदल. अफजलपूर भागात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो व हवा अतिशय कोरडी होते. पावसाळ्यात तीच हवा दमट होते. लाकूड ओलावा शोषून फुगते व तो सोडून आकसते. उन्हाळ्यात पडलेली फट लांबी भरून बुजवली, तर पावसाळ्यात फुगणाऱ्या फळीस जागा उरत नाही आणि ती दुसरीकडे तडकते. म्हणून ऋतूनुसार उघडमीट होणाऱ्या फटी बुजवू नयेत. पेटी थेट उन्हात, चुलीजवळ किंवा कूलरच्या झोतासमोर ठेवू नये.

दुसरा शत्रू वाळवी. मातीच्या भिंती, माळवदाचे छत व काळी जमीन यांतून ती येते. सागाचे आतले पक्के लाकूड वाळवीस बरेच दाद देत नाही, परंतु बाहेरचे फिकट, कोवळे लाकूड तिला बळी पडते. पेटी भिंतीपासून वीतभर दूर व जमिनीपासून दगडी ठोकळ्यांवर उंच ठेवावी, म्हणजे मातीच्या नळ्या चढताना दिसतात. बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर त्या जागी तपासणी करावी.

तिसरा शत्रू लाकूड पोखरणारे भुंगेरे. त्यांची भोके एक-दोन मिलिमीटरची असतात. भोके दिसली म्हणजे कीड जिवंत आहेच असे नव्हे. भुगा मऊ कुंचल्याने झाडावा, खाली काळा कागद पसरावा व पंधरा दिवसांनी पाहावे. ताजा भुगा पडला असेल तर कीड चालू आहे, असे समजून पेटी इतर लाकडी सामानापासून दूर करावी व जाणकाराचा सल्ला घ्यावा. रॉकेल, डिझेल किंवा शेतीची औषधे ओतू नयेत. त्यांनी लाकूड डागळते, आग लागण्याचा धोका वाढतो आणि आतील कागद खराब होतात. जुन्या पेटीच्या तळाशी पांढरी पूड आढळल्यास ती एके काळी सर्रास वापरली जाणारी बी. एच. सी. अथवा डी. डी. टी. असू शकते. पहिलीच्या वापरावर भारतात १९९७ पासून बंदी आहे. अशी पूड तोंडाला फडके बांधून, हातमोजे घालून काढावी, मुलांना जवळ येऊ देऊ नये आणि त्या खणात धान्य वा कपडे ठेवू नयेत.

चौथा शत्रू माणसाची हौस. काचकागदाने घासणे, खरवडणे, चकाकणारे वार्निश देणे किंवा ऑइलपेंट फासणे यांनी शतकभराची लाखेची झिलई, हाताची चमक व सुताराच्या खुणा एका दुपारी नाहीशा होतात. जुनी झिलई पुन्हा मिळत नाही. ती गेली की पेटीचे ऐतिहासिक मोल घटते आणि बाजारातील किंमतही उतरते.

नित्याची निगा

निगेचे नियम थोडे व सोपे आहेत. धूळ कोरड्या, मऊ सुती फडक्याने किंवा कुंचल्याने काढावी, ओल्या फडक्याने पुसू नये. जवसाचे वा खोबऱ्याचे तेल लावू नये, कारण ते चिकट होऊन धूळ धरते व लाकूड काळवंडते. झिलई शाबूत असल्यास वर्षातून एकदा मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात देऊन मऊ फडक्याने चोळणे पुरेसे आहे. पितळी मुठी चिंच, राख किंवा घासण्याच्या द्रवाने जागच्या जागी घासू नयेत, त्याचा ओघळ लाकडावर कायमचा डाग पाडतो.

अडकलेला खण एका मुठीस धरून हिसकू नये. वरचा खण काढून हात आत घालावा व अडकलेला खण दोन्ही बाजूंनी सारख्या जोराने ओढावा. पावसाळ्यात फुगून अडकला असल्यास हवा कोरडी होईपर्यंत थांबणेच योग्य. सरकण्याच्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासली की खण सुलभपणे चालतो. पेटी हलविताना सर्व खण काढावेत व ती खालच्या चौकटीस धरून उचलावी, वरच्या फळीस धरून कदापि उचलू नये.

सांधा सुटल्यास नवा खिळा ठोकू नये. जुने सांधे सरसाने जोडलेले असतात. सरस उष्ण पाण्याने सैल होतो, त्यामुळे पुढे दुरुस्तीला वाव राहतो. पांढरा कृत्रिम डिंक वाळल्यावर सहज निघत नाही व पुढील दुरुस्तीत लाकूडच फाटते. सुटलेला तुकडा कितीही लहान असो, तो कागदात गुंडाळून, त्यावर जागा लिहून, त्याच खणात ठेवावा.

महापुरानंतर

ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेस आलेल्या पुराने अफजलपूर तालुक्यातील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले होते. अशा प्रसंगी घाई फार नुकसान करते. चिखल वाळण्यापूर्वी स्वच्छ पाण्याने हळुवार धुवावा. नंतर पेटी सावलीत, हवेशीर जागी, सर्व बाजूंनी वारा लागेल अशी ठेवावी. उन्हात ठेवल्यास बाहेरचा थर लवकर आकसतो, आतला ओला राहतो व फळी फाटते. फुगलेले खण जबरदस्तीने काढू नयेत, परंतु आत कागद असतील तर पाठीमागची फळी अलगद सोडवून ते बाहेर काढणे इष्ट ठरते. ओल्या कागदांवर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. ते एकमेकांपासून बळाने सोडवू नयेत. टिपकागदावर किंवा छपाई नसलेल्या कोऱ्या कागदावर सावलीत पसरावेत आणि खालचा कागद वारंवार बदलावा.

कायदा व दप्तर

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ साली संमत झाला व ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून कमी जुनी नसलेली, गतकाळातील कला, कारागिरी वा चालीरीती यांची साक्ष देणारी वस्तू त्यानुसार पुरावस्तू ठरते. ऐतिहासिक, वाङ्मयीन वा शास्त्रीय मोलाच्या हस्तलिखितांस व दस्तऐवजांस ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही व खासगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत. पेटीवर हस्तिदंताचे काम असेल, तर वन्यजीव संरक्षण कायद्याचे निर्बंधही लागू होतात. कोरीव मूर्ती वा चित्रे असलेल्या वस्तूच्या नोंदणीविषयी पुरावस्तू नोंदणी अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा. दारावर येऊन जुन्या पेट्या मागणाऱ्यास परवाना विचारण्याचा ग्रामस्थांना पूर्ण अधिकार आहे.

पेटी विकण्याची वेळ आलीच, तरी आतील कागद वेगळे काढल्याशिवाय ती देऊ नये. मोडी, उर्दू व कन्नड लिपींतील कागद घरात कोणास वाचता येत नाहीत, म्हणून ते रद्दीत जातात. परंतु जमिनीचे हक्क, वतने, पाणवाटप, देवस्थानांची इनामे यांचे पुरावे त्यांतच असतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी घरोघरी पडलेले असेच कागद गोळा करून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड सिद्ध केले. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ व पुणे अभिलेखागार येथे मोडी कागदांचे मोठे संग्रह आहेत. निजामी अमलातील सरकारी दप्तर हैदराबाद येथील राज्य अभिलेखागारात आहे. घरगुती वस्तूंना संग्रहालयात मानाचे स्थान कसे मिळू शकते, याचे उदाहरण म्हणजे पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय. डॉ. दि. गं. केळकर यांनी गावोगाव हिंडून जमविलेला दिवे, अडकित्ते, दारे, पेट्या अशा नित्याच्या वस्तूंचा तो संग्रह १९७५ मध्ये त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. मोठ्या दुरुस्तीसाठी लखनौ येथील सांस्कृतिक संपदेच्या संरक्षणाची राष्ट्रीय संशोधनशाळा आणि तिची म्हैसूर येथील प्रादेशिक शाळा यांचे मार्गदर्शन घ्यावे.

शाळांसाठी उपक्रम

शिक्षकांनी इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांकडून गावातील जुन्या पेट्यांची नोंदवही करून घ्यावी. घरमालकांची संमती आधी घ्यावी आणि मौल्यवान वस्तूंची नोंद वहीत करू नये. प्रत्येक पेटीसाठी एक पान राखून त्यावर पुढील माहिती लिहावी :

(अ) लांबी, रुंदी, उंची व खणांची संख्या.
(आ) दर्शनी व आतील लाकूड.
(इ) सांधे, खिळे, कुलूप व मुठी यांचे वर्णन आणि रेखाचित्र.
(ई) घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती : पेटी कोणी, कोठून आणली, तीत काय ठेवीत असत.
(उ) सद्यःस्थिती : कीड, ओल, फटी, मोडतोड.
(ऊ) आतील कागदांची लिपी व त्यांवरील सन.

ऐकीव माहिती व प्रत्यक्ष पाहिलेली माहिती वेगवेगळ्या रंगाच्या शाईने लिहावी. पुरावा आणि आठवण यांतील फरक विद्यार्थ्यांना यातून सहज कळतो. शके व फसली सनांचे इसवी सनात रूपांतर हा गणिताचा सराव होतो, ओलाव्याने लाकूड फुगणे हा विज्ञानाचा, तर एकाच खणात तीन लिप्यांचे कागद सापडणे हा इतिहासाचा व भाषेचा पाठ होतो. तयार नोंदवहीची एक प्रत शाळेत व एक ग्रामपंचायतीत ठेवावी.

या कामासाठी मोठ्या निधीची गरज नाही. मऊ फडके, कुंचला, मोजपट्टी, वही आणि थोडा संयम एवढे साहित्य पुरे आहे. ग्रामसेवक, शिक्षक व घरातील वडीलधारी मंडळी यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या गावातील एकेक पेटी उघडून पाहिली, ती भिंतीपासून वीतभर पुढे ओढली आणि तिच्या तळाचे कागद वाचवून ठेवले, तरी सीमाभागाच्या इतिहासाचा फार मोठा ठेवा पुढील पिढीच्या हाती सुखरूप पोहोचेल.